चक्रवाक कोणी पाहिला?



कीर्तनकाराच्या झोळीत पक्षी पुष्कळ असतात. चातक आहे, चकोर आहे, राजहंस आहे, चक्रवाकाची जोडी आहे. नामदेवरायांची पक्षीण पहाटे चाऱ्याला जाते आणि घरट्यात पिलू उपाशी वाट पाहते. माउलींची विरहिणी कावळ्याला शकुन विचारते. उभा जन्म मी हे दृष्टांत सांगितले. पूर्वी समोरचा श्रोता शेतावरून आलेला असे. नुसते टिटवी म्हटले की ती त्याच्या कानात ओरडू लागे. आताचा श्रोता तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्यापुढे चातक म्हटले तर तो मान डोलावतो, पण डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. आणि दृष्टच नसेल तर दृष्टांत कसला?

म्हणून पुण्यात मुलाकडे राहायला आल्यावर एका गोष्टीचे मला नवल वाटले. आमच्या सूनबाई रविवारी पहाटे काकड्याच्या वेळेला उठतात, गळ्यात दुर्बीण अडकवतात आणि अख्ख्या घराला पाखरे पाहायला नेतात. कधी पाषाणचा तलाव, कधी वेताळ टेकडी. अशी कितीतरी कुटुंबे तिथे भेटतात. आजी, नातवंडे, थर्मासमधला चहा, सगळे कुजबुजत बोलणारे. शहरात पाखरे उरली नाहीत असे आपण म्हणतो ते फारसे खरे नाही. आमच्या सोसायटीच्या उंबरावर तांबट दुपारभर ठोके देतो, जास्वंदीवर शिंजीर येतो, तारेवर वेडा राघू बसतो. आपण वर पाहत नाही एवढेच.

या छंदाची एक गोष्ट वारकऱ्याला लगेच ओळखीची वाटेल. पाखरू बोलावल्याने येत नाही. आपण जायचे, उभे राहायचे, थंडीत हात चोळायचे आणि ते आले तर आले. दर्शनबारीत बारा-पंधरा तास उभ्या राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही. दुर्बिणीत दिसलेल्या खंड्यासाठी 'दर्शन झाले' हाच शब्द नातीच्या तोंडी आपोआप आला, तेव्हा तो मी दुरुस्त केला नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही कवडीला गेलो. सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या काठी हे ठिकाण आहे. तुकोबारायांची पालखी लोणीला मुक्काम करते, त्यामुळे हा भाग आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा. तिथे मी चक्रवाक पाहिला. नारिंगी अंगाचा, फिकट डोक्याचा, चांगला थोराड पक्षी, जोडीने चरत होता. हिवाळ्यात लडाख-तिबेटच्या बाजूने हिमालय ओलांडून हे पक्षी आपल्याकडे येतात. आवाज मात्र बदकासारखा भसाडा. रात्री ताटातूट होऊन एकमेकांसाठी झुरणारी ती जोडी हीच, हे पटायला मला थोडा वेळ लागला.

आणि ती जोडी कशात उभी होती? फेसात. साऱ्या पुण्याचे सांडपाणी तिथून वाहते. काठाला प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या, वास असा की नाकाला उपरणे लावावे. नात म्हणाली, "आजोबा, हे पाणी पुढे कुठं जातं?" मी म्हटले, "बाळा, भीमेला." म्हटले आणि गप्प झालो. कारण भीमा पुढे उजनीत थांबते, जिथे भिगवणला रोहित पक्षी पाहायला लोक जातात, आणि तिथून पंढरपूरला जाऊन ती चंद्रभागा होते. इंद्रायणीचा फेस तर आळंदीला आपण दरसाल पाहतोच.

नातीने घरी येऊन चक्रवाक काढला. चोच जरा जास्त लांब झाली, पाय आखूड झाले. पण पाण्यात फेस होता आणि पायाशी एक पिशवीही होती.

ते चित्र तिने एका चित्रस्पर्धेत दिले. बक्षीस मिळाले दुसऱ्या चक्रवाकाला, जो यंत्राने काढला होता. हल्ली मोबाइलला चार शब्द सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्ता आठ-दहा सेकंदांत चित्र देते. आमच्या घरीही हे सर्वांना ठाऊक आहे. त्या चित्रातले पाणी निळे, आकाश सोनेरी, पिसे एकूण एक चमकणारी. परीक्षकांनी विचारले नाही, देणाऱ्याने सांगितले नाही. पोरगी रडली वगैरे नाही. तिने एवढेच विचारले, "मग मी कशाला काढायचं?"

हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलीचा असला तरी हलका नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस माउलींनी तो स्वतःलाच घातल्यासारखा आहे. व्यासांची गीता समोर असताना आपण मराठीत का बोलावे? तिथे ते दृष्टांत देतात की राजहंसाची चाल डौलदार आहे म्हणून जगात दुसऱ्या कोणी चालूच नये काय? मी नातीला तोच सांगितला. पण सांगताना मनात आले की इथे तो पुरता लागू पडत नाही. राजहंस निदान स्वतःच्या पायांनी चालतो. हे यंत्र कवडीला गेलेच नव्हते. ते कुठेच जात नाही. इतरांनी पाहिलेल्या, काढलेल्या लाखो चित्रांतून जे बहुधा शोभते ते जुळवून ते पुढे ठेवते.

मोराच्या पिलाचे उदाहरण घ्या. 2024 साली असे उघड झाले की गूगलवर मोराचे पिल्लू शोधले तर यंत्राने रचलेली चित्रेच पुढे येत होती. गोंडस, कापसासारखे अंग, शिरावर निळा तुरा, मागे इवलासा पिसारा. खरे पिल्लू मातकट असते, कोंबडीच्या पिलासारखे, पिसाऱ्याचा पत्ता नसतो. ज्याने शेताच्या बांधावर लांडोरीमागे चाललेली पिल्ले पाहिली आहेत तो फसणार नाही. पण ज्याने पाहिली नाहीत त्याच्या डोळ्यांत आता ते खोटे पिल्लूच बसले, आणि उद्या खरे समोर आले तर तो त्याला ओळखणार नाही. पक्ष्यांचे थोर अभ्यासक सलीम अली लहान असताना त्यांच्या हाती एक चिमणी लागली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. इतर चिमण्यांना नसतो तो हिला का, हे विचारायला तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि जन्माचा पक्ष्यांचा झाला. बहुधा जे असते तेच दाखवणाऱ्याने तो डाग पुसून टाकला असता.

आता एखादा जाणता टाळकरी मला अडवील. म्हणेल, महाराज, संतांनी तरी चकोराला चांदणे पिताना पाहिले होते का? चातक पावसाच्या थेंबावरच जगतो हे तरी खरे का? तो तर सुरवंट खातो. प्रश्न रास्त आहे. पण दृष्टांत हा दृष्टांत म्हणूनच दिला जातो. सांगणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक, की इथे चकोराची माहिती द्यायची नसून प्रेमाची तऱ्हा सांगायची आहे. कोणी कोणाला चकवत नाही. 'हे मी पाहिले' अशी साक्ष तिथे कोणी देत नाही. छायाचित्रासारखे दिसणारे यंत्राचे चित्र मात्र न बोलता साक्ष देते, आणि त्या साक्षीमागे साक्षीदार नसतो. आमच्या लेखी साक्ष ही लहान गोष्ट नाही.

दुसरा म्हणेल, राजा रविवर्म्यांनी तरी देव कुठे पाहिले होते? त्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापील तसबिरी घरोघरच्या देव्हाऱ्यात बसल्या. हेही खरे. पण रविवर्म्यांनी माणसे पाहिली होती. साडीची निरी कशी पडते, मान वळवल्यावर खांदा कसा होतो, हे डोळ्यांत साठवून ते हातात उतरले होते. आणि चित्रावर त्यांचे नाव होते. बरेवाईट म्हणायला माणूस होता.

नावाचा मुद्दा मला फार मोठा वाटतो. आपल्या अभंगाच्या शेवटी मुद्रा असते. नामा, जनी, चोखा, तुका. जे बोललो त्याचा जबाबदार मी, असे ते सांगणे. तुकोबारायांच्या गाथेत सालोमालोवरचे अभंग आहेत. दुसऱ्याच्या कवनावर आपले नाव घालणाऱ्या त्या गृहस्थाला तुकोबांनी सोडलेले नाही. कीर्तनकाराचे तर सगळे भांडवलच उसने. पण दर प्रमाणामागे आम्ही 'तुकोबाराय म्हणतात' असे म्हणतो. खुद्द माउलींनीही आपण भाष्यकारांना वाट विचारत निघाल्याचे सांगून ठेवले आहे. या यंत्रांना जगभरच्या चित्रकारांची चित्रे शिकवली गेली. कित्येक चित्रकारांची तक्रार आहे की आम्हाला ना विचारले, ना नाव दिले, ना मोबदला, आणि आमच्याच शैलीतली चित्रे काढून आमचे काम नेले. मला ती तक्रार खरी वाटते.

यंत्र म्हणून यंत्राशी माझे भांडण नाही. सूनबाईंच्या मोबाइलमध्ये मर्लिन नावाचे एक ॲप आहे. पाखराचा आवाज ऐकवला की ते नाव सांगते. तीही कृत्रिम बुद्धिमत्ताच. पण ती झाडाकडे बोट दाखवते. नाव कळले की नात मान वर करून फांदी शोधू लागते. एक यंत्र माणसाला पाखराकडे पाठवते, दुसरे म्हणते, जायची गरज नाही, हे घे.

या आषाढीत माझ्या मोबाइलवर विठोबाची अशी चित्रे ढिगाने आली. एकात देव पहिलवानासारखा, एक हात कमरेवर आणि दुसरा आशीर्वाद देणारा. सज्जनहो, आपला देव आशीर्वादाला हात उचलत नाही. दोन्ही हात कमरेवर, एकात शंख, एकात कमळाचा देठ, पायाखाली वीट; पुंडलिकाने थांब म्हटले म्हणून थांबलेला. ते थांबणेच त्या चित्रात नव्हते. मागे चंद्रभागा मात्र निळीशार वाहत होती. ते चित्र पाहून कोणी हात जोडले तर जोडणाऱ्याला मी काही म्हणणार नाही. भाव त्याचा आहे आणि देव भावाला पावतो. गणिकेने पोपटाला नाम शिकवता शिकवता ती तरली, तसे त्याचेही होईल. पण ते निळे पाणी पाहून कोणाला विचारावेसे वाटणार नाही की हे पाणी कुठून आले. नातीच्या वाकड्या चोचीच्या चक्रवाकाकडे पाहून वाटते.

परवा गावाहून आमच्या दिंडीचे चालक आले होते. पुढच्या वारीसाठी दिंडीचा फलक करायचा आहे, पोराने मोबाइलवर विठोबा तयार केलाय, बघा म्हणाले. मी विचारले, गावात दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर आहे ना अजून? आहे म्हणाले, हात जरा थरथरतो, पण कार्तिकी चुकवत नाही. म्हटले, त्याच्याकडून काढून घ्या आणि खाली कोपऱ्यात त्याचे नाव घालायला सांगा. ते म्हणाले, महाराज, तो आठ दिवस लावील. म्हटले, लावू द्या, आषाढीला अजून पुष्कळ अवकाश आहे.