देणाऱ्याने पात्र पाहिले नाही

ऋषिपंचमीचा दिवस होता. आदल्या दिवशी घरोघरी गणपती बसलेले, त्यामुळे सातवीची जेमतेम अकरा मुले वर्गात. धडा विजेचा आणि शाळेच्या कपाटात दोन विद्युतघट नि एक गेलेला दिवा. मग मी लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर लावला आणि ‘फेट’ या संकेतस्थळावरचे परिपथाचे साधन उघडले. गावात रेंज टेकडीवरच मिळते, म्हणून ते मी आदल्या आठवड्यात घरूनच उतरवून आणले होते. पडद्यावर तारा ओढायच्या, घट जोडायचा, दिवा लावायचा. जोडणी पार चुकली की ज्वाळा निघतात. मुलांनी ती आग मुद्दाम पाच-सहा वेळा लावून पाहिली आणि मग दिव्याला वगळून विजेला वाट दिली की काय होते, ते मी न सांगता त्यांना कळले.

तास संपताना मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “बाई, हे कुणी केलं? आपण त्यांना किती पैसे दिले?”

“काही नाही गं, फुकट आहे.”

“मग त्यांना काय मिळतं?”

घंटा झाली, मुले आहारासाठी पांगली. तिला उत्तर द्यायचे राहिले आणि खरे तर ते माझ्याकडे नव्हतेही.

संध्याकाळी उपासाचे ताट घेऊन बसले. माझी आई ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खात नसे. नांगरटीचे धान्य नाही. परसात हाताने लावलेले अळू, लाल भोपळा, दोडका, मक्याचे कणीस, त्याचीच ती ऋषीची भाजी. लहानपणी मी विचारले होते, आपण एक दिवस नाही खाल्ले तर बैलाला काय मिळते? आई म्हणाली, “त्याला काही नाही मिळत. आपण रोज कुणाच्या जिवावर खातो ते आपल्याला कळतं.” या व्रताला बाईच्या विटाळाच्या पापाची जी कथा चिकटली आहे, ती मी केव्हाच सोडली. बैलाची गोष्ट मात्र सोडवली नाही. त्या संध्याकाळी मनात आले, बैलाचे खाल्ले नाही हे खरे, पण आज दिवसभर वर्गात मी कुणाच्या कष्टाचे खात होते?

‘फेट’ सुरू केले कार्ल वीमन यांनी. 2001 साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले आणि पुढच्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात त्यांनी हे काम उभे केले. पुरस्काराच्या पैशातला काही भाग त्यात घातला. जगभरच्या स्वयंसेवकांनी ही साधने आपापल्या भाषांत आणली, मराठीतही आणली. भूमितीसाठी मी वापरते ते ‘जिओजेब्रा’ मार्कस होहेनवार्टर या ऑस्ट्रियातल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून निघाले. आणि आपले अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेल्या या माणसाने सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घन केले. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञानकेंद्रात बसून टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली आणि त्यांच्या कृती नि हजारो पुस्तके संकेतस्थळावर सगळ्यांसाठी ठेवून दिली. माझ्या वर्गातली भिंगरी तिथलीच. या तिघांपैकी एकालाही मी पाहिलेले नाही. माझी शाळा भोर तालुक्यात आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

आपल्याकडे माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे मानतात: देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने आणि अध्यापनाने. मला यातली दिशा फार मोलाची वाटते. कर्ज ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडे ते परत जात नाही, पुढे जाते. ऋषींना माझ्याकडून काही नको असते, पण माझ्या पुढ्यात बसलेल्या मुलाला हवे असते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे असावे असे वाटले आणि तिथेच दुसरी गाठ लागली.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. परतफेडीची आशा न धरता, योग्य स्थळी, योग्य वेळी, पात्र माणसाला दिलेले ते सात्त्विक. म्हणजे देणाऱ्याने घेणारा पारखायचा. इंटरनेटवर देणारा कुणालाच पारखत नाही. जो येईल त्याने उचलावे. कामसू शिक्षकानेही आणि आळशानेही. मग पात्र न पाहता दिलेले हे दान उणे ठरते का?

बरेच दिवस मला तसे वाटत होते. मग एकदा मुलांना सहलीला पुण्यात फुलेवाड्यात नेले. जोतीरावांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्याआधी वीस वर्षे, 1848 मध्ये, भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती. त्या हौदापाशी उभी असताना माझी आजी आठवली. तिने आयुष्यभर अंगठा उठवला. तिच्या सात पिढ्यांतल्या बायकांना विद्या मिळाली नाही ती याच एका शब्दाने, ‘पात्र’. कोण पात्र ते देणारा ठरवणार आणि देणाऱ्याने ते आधीच जन्मावरून ठरवून टाकलेले. पात्रतेच्या नावाखाली आपण शेकडो वर्षे विद्येला कुलूप घातले. जोतीरावांनी हौदाशी येणाऱ्याला पात्रता विचारली नाही, तहान एवढे कारण पुरले. म्हणून न पारखता दिलेल्या विद्येला मी उणे म्हणणार नाही. गीतेपुढे मी लहान आहे, पण आजीच्या अंगठ्याची शपथ घेऊन एवढे म्हणेन.

पण मग पात्रतेचा प्रश्न संपला का? तो देणाऱ्याच्या हातून सुटला आणि माझ्याकडे आला. पहिली दोन वर्षे मी प्रोजेक्टरवर चित्रफीत लावून मागे बसत असे आणि पोषण आहाराच्या नोंदी पुऱ्या करत असे. मुले गप्प असायची आणि मला वाटायचे की शिकवून झाले. दान तेच होते, देणारे तेच होते, घेणारी मी अपात्र होते. आता एका साधनासाठी मी आदल्या रात्री तासभर बसते. कुठे थांबायचे, काय विचारायचे, काय मुळीच सांगायचे नाही, ते लिहून काढते. ऋषिऋणातला ‘अध्ययन’ हा अर्धा भाग हाच आहे, तो मी गाळला होता.

फुकट म्हणून मिळणारे सगळेच दान नसते, हेही सांगायला हवे. प्रश्नमंजूषेचे एक साधन मी तीन वर्षे वापरले. आधी त्याने मुलांची नावे मागितली, नंतर पालकांचे फोन क्रमांक, आणि शेवटी माझ्याच प्रश्नसंचांना पैशांचे कुलूप लावले. परतफेड मनात धरून दिलेल्या दानाला गीता राजस म्हणते. आता काहीही घेण्याआधी मी पाहते, हे माझ्याकडून काय मागते आहे आणि मुलांकडून काय. मुलांकडून मागत असेल तर मी घेत नाही.

खुल्या साधनांवर पुष्कळदा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो. त्याच्या सगळ्यात मोकळ्या प्रकारात मुख्य मागणी एकच: करणाऱ्याचे नाव घ्या. माझे आजोबा श्रावणीला ओंजळीतून पाणी सोडत एकेका ऋषीचे नाव घेत, ते मला तेव्हा निरर्थक वाटे. आता आमच्या फळ्यावर तारीख आणि सुविचाराच्या खाली तिसरी ओळ असते: आजचे साधन कुणाचे. परिपाठाला ती मोठ्याने वाचली जाते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही परिपथाची एक कृतिपत्रिका तयार केली. आकृत्या मुलांच्या, वाक्ये निम्मी त्यांची. ती इतर शाळांसाठी खुली ठेवायची ठरली, तेव्हा त्याच मुलीने विचारले, “बाई, खाली आमची नावं?” मी तिला फोन क्रमांक मागणाऱ्या त्या साधनाची गोष्ट सांगितली. मुलांनी बराच वेळ वाद घातला आणि लिहिले, ‘सातवीची अकरा मुले’. मग एकाने ते खोडले. त्या दिवशी गणपतीसाठी मामाच्या गावी गेलेल्या मुलाने नंतर वडिलांच्या टॉर्चमधले घट आणून दिले होते, त्यांवरच खरा दिवा लागला होता. आता तिथे बारा लिहिले आहे.