पक्षनिष्ठा आणि मताची ठेव

मनुष्याच्या गुणांत निष्ठेला आपण फार वरचे स्थान देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु निष्ठेचे एक विलक्षण असे की, ती ज्याच्या ठायी ठेवली त्याच्या योग्यायोग्यतेचा विचार मनात आला की ती ढळलीच असे लोक धरून चालतात. बिभीषणाला पुराणांनी भक्तांच्या मालिकेत बसविले, तरी लोकांच्या बोलण्यात तो घरभेदीच राहिला. कुरुक्षेत्रावर ऐन वेळी पांडवांकडे गेलेल्या धृतराष्ट्रपुत्र युयुत्सूचे तर नावही पुष्कळांना आठवत नाही. उलट, कौरवांचा पक्ष अन्यायाचा हे पुरते जाणूनही त्यांच्या अन्नाला जागलेले भीष्म व द्रोण आपल्याला पूज्य वाटतात. जन्मभर एकाच राजकीय पक्षाला मत देत आलेला मनुष्य विरुद्ध पक्षाच्या उमेदवाराकडे वळू लागतो, तेव्हा त्याच्या अंतःकरणात हेच जुने द्वंद्व उभे राहते.

या प्रश्नाचा केवळ तात्त्विक ऊहापोह करण्यापेक्षा एक घडलेले उदाहरण समोर ठेवणे बरे. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी 1884 साली रिपब्लिकन पक्षाने जेम्स ब्लेन यांना उभे केले. प्रतिनिधिगृहाचे सभापती असताना आपल्या पदाचा उपयोग त्यांनी एका रेल्वे कंपनीच्या हितासाठी केला, असा त्यांच्यावर आरोप होता; त्यांच्याच हातचे, शेवटी 'हे पत्र जाळून टाका' अशी सूचना असलेले एक पत्रही त्या साली उजेडात आले. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या खासगी आयुष्यावर डाग होता. परंतु सार्वजनिक कारभारातील त्यांची सचोटी नावाजलेली होती. तेव्हा पुष्कळ प्रतिष्ठित रिपब्लिकनांनी क्लीव्हलंड यांना पाठिंबा जाहीर केला. लोकांनी त्यांना 'मगवंप' म्हणून हिणविले. मूळ शब्द तेथील आदिवासींच्या भाषेतला, अर्थ 'नायक'. स्वतःला फार शहाणे समजणारे, असा त्यातला टोमणा.

या मंडळीत जॉर्ज विल्यम कर्टिस हे 'हार्पर्स वीकली'चे संपादक होते. ज्या शिकागोतील अधिवेशनाने 1860 साली लिंकन यांना निवडले, त्यात ते प्रतिनिधी म्हणून बसले होते. त्यांचा मेहुणा रॉबर्ट शॉ हा कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचे नेतृत्व करीत असता 1863 साली धारातीर्थी पडला. रिपब्लिकन पक्ष हे त्यांच्या दृष्टीने केवळ एक नाव नव्हते. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याची व घरातल्या मृत्यूची ती स्मृती होती. अशा मनुष्याने साठाव्या वर्षी डेमोक्रॅटांच्या उमेदवाराला मत देणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी. शिवाय त्या काळी गुप्त मतदानाची पद्धत तेथे रूढ झाली नव्हती. पक्ष आपापल्या मतपत्रिका छापून वाटीत, आणि कोणाच्या हातात कोणाची पत्रिका आहे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसे.

कर्टिस यांच्याविरुद्ध पहिला आक्षेप कृतघ्नतेचा होता. ज्या पक्षाने देश राखला व गुलामांना मुक्त केले, त्याला एका माणसासाठी सोडावयाचे काय? या आक्षेपात वजन आहे, पण एक गफलतही आहे. कृतज्ञता हे ऋण खरे. परंतु ते आपल्या मालकीच्या धनातून फेडावयाचे असते. मत हे आपले धन नव्हे. ज्यांना मताधिकार नाही त्या मुलाबाळांच्या व पुढे जन्मणाऱ्यांच्या वतीने आपल्या हाती दिलेली ती ठेव आहे. दुसऱ्याच्या ठेवीतून स्वतःचे ऋण फेडणाऱ्याला आपण कृतज्ञ म्हणत नाही. भीष्मांची चूक हीच नव्हे काय? अन्नाचे ऋण त्यांचे स्वतःचे होते. ते फेडले गेले मात्र हजारोंच्या प्राणांनी.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. त्याच 1884 च्या अधिवेशनात 25 वर्षांचा थिओडोर रूझवेल्ट हाही प्रतिनिधी होता. कर्टिस यांच्याप्रमाणेच त्यानेही ब्लेन यांना विरोध केला, आणि हरल्यावर तो पक्षातच राहिला. जिंकलो तर निर्णय मान्य व हरलो तर अमान्य, ही वृत्ती सभेच्या व्यवहाराला मारक आहे, यात संशय नाही. मला वाटते, रूझवेल्टचे वर्तन क्षम्य होते, आणि कर्टिस यांचेही. कारण बहुमताने उमेदवार ठरतो, त्याचे चारित्र्य ठरत नाही.

खरा अवघड आक्षेप तिसराच आहे. स्वतः गुलामीतून सुटून आलेले फ्रेडरिक डग्लस शेवटपर्यंत रिपब्लिकन पक्षातच राहिले. दक्षिणेत त्यांच्या बांधवांचे मताधिकार डेमोक्रॅटच हिरावून घेत होते. त्या पक्षाच्या हाती सत्ता गेल्यास किंमत कोण मोजणार, हे त्यांना उघड दिसत होते. पुढे 1894 साली, क्लीव्हलंड यांच्याच दुसऱ्या कारकीर्दीत, मतदानाच्या संरक्षणाचे केंद्रीय कायदे मोठ्या प्रमाणावर रद्द झाले. मगवंपांनी आपले हात स्वच्छ ठेवले. परंतु त्या स्वच्छतेचा सगळा खर्च त्यांनी स्वतः सोसला असे म्हणता येत नाही.

म्हणून मत ही ठेव आहे हे तत्त्व दोन्ही बाजूंनी लागू करावयास हवे. पक्षाला चिकटून राहणाऱ्याने जसे स्वतःला विचारावे की मी दुसऱ्याच्या ठेवीतून माझे ऋण फेडीत आहे काय, तसे पक्ष सोडणाऱ्यानेही विचारावे की मी त्याच ठेवीतून माझ्या मनाचे समाधान विकत घेत आहे काय. 'माझी सदसद्विवेकबुद्धी मला असे सांगते', एवढ्याने भागत नाही. ज्यांना तिची किंमत मोजावी लागेल त्यांच्याकडे पाहूनही ती तेच सांगते काय, हे पाहिले पाहिजे. कर्टिस यांच्या कृतीला मी तरीही मान देतो. परंतु डग्लस यांच्यासमोर उभे राहून त्यांनी तिचे समर्थन कसे केले असते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

निकालावरून या प्रश्नाचा निवाडा करता येत नाही. 1884 साली न्यूयॉर्क राज्यात साडेअकरा लाखांहून अधिक मतांत क्लीव्हलंड सुमारे अकराशे मतांनी पुढे राहिले, आणि त्या एका राज्याच्या बळावर अध्यक्ष झाले. 2024 साली रिपब्लिकन पक्षातच वाढलेल्या लिझ चेनी व त्यांचे वडील, माजी उपाध्यक्ष डिक चेनी, यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांना मत देण्याचे जाहीर केले, हॅरिस हरल्या. पहिल्यांचे करणे विजयाने योग्य ठरले नाही व दुसऱ्यांचे पराभवाने अयोग्य ठरले नाही.

आज मतदान गुप्त आहे. आपल्या हातातील पत्रिका शेजाऱ्याला दिसत नाही, ही मोठीच सोय झाली. परंतु त्यामुळे जाब विचारणारा कोणी उरला नाही असे समजू नये. ठेव ठेवणारा समोर नसतो, तेव्हाच ठेव सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा होते.