काटा हिरव्या पट्ट्यात होता

गेल्या जुलैत आई-बाबा डॅलसला आले होते, तेव्हा मी त्यांना विमानातून फिरवून आणलं. विमान १९७५ सालचं सेस्ना १७२, आम्हा चौघांच्या भागीदारीतलं. माझ्यापेक्षा वयाने बरंच मोठं. आई पुढे माझ्या शेजारी, बाबा मागे. जमीन सोडल्यावर आईने हेडसेटमधून विचारलं, "इंजिन नीट चाललंय हे तुला कसं कळतं रे?"

मी पॅनेलवरच्या दोन छोट्या काट्यांकडे बोट दाखवलं. एक ऑइलच्या दाबाचा, दुसरा ऑइलच्या तापमानाचा. "दोन्ही हिरव्या पट्ट्यात आहेत ना? मग सगळं ठीक."

मी खोटं बोललो नव्हतो. पण जे बोललो ते बोलायचा मला अधिकार होता का, हा प्रश्न सहा महिन्यांनी समोर आला.

आमच्या विमानाचं इंजिन लायकमिंगचं आहे. चार सिलिंडर, १५० हॉर्सपॉवर. गाडीसारखा रेडिएटर नाही, समोरून येणारी हवाच सिलिंडर थंड करते. ती भलतीकडे निसटू नये म्हणून भोवती पत्र्याचे आडोसे असतात आणि त्यांच्या कडेला रबराच्या पट्ट्या. ऑइल मात्र सगळ्या इंजिनभर फिरतं, त्यामुळे त्याचं तापमान म्हणजे साधारण सगळ्या इंजिनाची सरासरी. वर्गाची सरासरी ६० टक्के असली तरी एखादा पोरगा नापास असू शकतो. तो कोण, हे सरासरी सांगत नाही.

ते सांगणारं यंत्र मिळतं. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक प्रोब, प्रत्येकाच्या एक्झॉस्ट पाइपमध्ये एक. आठ आकडे सतत स्क्रीनवर दिसतात आणि दर काही सेकंदांनी त्यांची नोंद होते. खर्च काही हजार डॉलर. आम्ही दोन वर्षं नुसती चर्चा करत होतो.

भागीदारांतले सगळ्यात ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांचा विरोध होता. "अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आकडे दिसले की मेकॅनिक, मेकॅनिक आला की बिल. पन्नास वर्षं उडतंय ना विमान?" मी वाद घातला, पण फार जोर लावून नाही. खर्चाचा चौथा हिस्सा माझाही होता.

शेवटी जानेवारीत यंत्र बसलं. पहिल्याच उड्डाणात, वर चढताना, तीन सिलिंडर ३६०च्या आसपास आणि तिसरा ४३० अंश फॅरनहाइट. या इंजिनाची कमाल मर्यादा ५०० आहे, म्हणजे तातडीचा धोका नव्हता. पण इंजिन दीर्घकाळ टिकायला हवं असेल तर सतत उडताना ४३५च्या आत राहा, असं लायकमिंग स्वतःच सांगते, आणि बरेच पायलट ४००लाच सावध होतात. तापलेलं ॲल्युमिनियम कमजोर होत जातं. थंडीत ४३०, तर टेक्ससच्या जुलैत किती असेल?

मेकॅनिकने इंजिनवरचं झाकण काढलं. तिसऱ्या सिलिंडरजवळची रबरी पट्टी आत दुमडली गेली होती आणि हवा तिथून पळत होती. अर्ध्या तासाचं काम. पुढच्या उड्डाणात आकडा ३८५.

पट्टी कधी दुमडली ते कळायला मार्ग नाही. पण आई-बाबा बसले होते तेव्हाही ती तशीच असण्याची शक्यता बरीच आहे. तापमान प्रोबमुळे वाढलं नव्हतं, ते आधीपासूनच होतं. नवीन होतं ते फक्त माझं कळणं.

इंग्लिश गणिती आणि विचारवंत विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली एका निबंधात एक जहाजमालक रंगवला आहे. जहाज जुनं, अनेकदा डागडुजी केलेलं, आणि त्यातून स्थलांतरितांची कुटुंबं जाणार. मालकाच्या मनात शंका येते. तपासणीला खर्च आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी सुखरूप झाल्या, ही पण होईल. हळूहळू त्याला ते मनापासून खरं वाटू लागतं. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो प्रामाणिक असला तरी दोषी आहे, कारण हातातल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. आणि पुढचा मुद्दा जास्त बोचरा आहे: जहाज सुखरूप पोचलं असतं तरी त्याचा दोष तसूभरही कमी झाला नसता.

"पन्नास वर्षं उडतंय ना" हे त्याच मालकाचं वाक्य. म्हणाले काका, पण मान मीही डोलावली होती.

१९७५मध्ये हे विमान उडवणाऱ्याला मी दोष देणार नाही. चारही सिलिंडरांची अशी नोंद ठेवणारं यंत्र तेव्हा छोट्या विमानांत नव्हतंच. त्याला कळत नव्हतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. बाहेरून दोन्ही अज्ञानं सारखीच दिसतात, काटा दोघांचाही हिरव्यात असतो.

मग सगळं मोजायचं आणि जरा काही दिसलं की इंजिन उघडायचं का? इथे क्लिफर्ड पुरत नाही. दुसऱ्या महायुद्धात जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन ब्रिटनच्या कोस्टल कमांडच्या लिबरेटर विमानांचा अभ्यास करत होता. ठरलेली ५० तासांची तपासणी झाली की त्यानंतर लगेचच बिघाड वाढत आणि मग हळूहळू कमी होत, असं त्याच्या गटाला दिसलं. धडधाकट यंत्र उघडून तपासण्यातच काही तरी बिघडत होतं. आमची पट्टीही झाकण बंद करताना दुमडली गेली असेल. तसं सहज होतं.

दुसरी चूक माझ्याकडून झाली. यंत्र बसल्यावर मी सारखा स्क्रीनकडे बघू लागलो. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट दुसऱ्यापेक्षा थोडा गरम दिसला की जीव कासावीस. खरं तर एक्झॉस्टच्या नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, तो आपल्या नेहमीच्या पातळीवरून हलला का, हे बघायचं असतं. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. एक बंद पडला तर इंधन सावकाश जळतं, ज्वलन उशिरा संपतं आणि एक्झॉस्टचा आकडा एकदम उडी मारतो. मी मात्र उडी नसलेल्या आकड्यांकडे टक लावून होतो. एकदा काका शेजारी होते. ते शांतपणे म्हणाले, "अरे, बाहेर बघ." उजवीकडे, आमच्या जरा खाली, एक विमान चाललं होतं. मी ते पाहिलंच नव्हतं.

ऑफिसात आमचे सर्व्हर असेच आकडे ओकत असतात. सारखा वाजणारा अलर्ट आठवडाभरात सगळे म्यूट करतात, आणि खरा अलर्टही त्यातच मरतो. म्हणून आता हवेत एकच अलार्म ठेवलाय: कुठलंही सिलिंडर ४००च्या वर गेलं तर. वाजला की नाक थोडं खाली करायचं, वेग वाढतो, हवा जास्त मिळते. बाकीचे आकडे जमिनीवर. प्रत्येक उड्डाणानंतर फाइल उघडून वीस मिनिटं मागच्या आलेखांशी ताडून बघतो. लगेच काही करायचंच असं नाही. बघायचं मात्र चुकवायचं नाही. यंत्र बसवून त्याकडे न बघणं हे न बसवण्यापेक्षा वाईट, कारण तेव्हा "माहीत नव्हतं" हेही म्हणता येत नाही.

जुने दोन काटे अजून जागेवर आहेत. आमचं यंत्र पूरक म्हणून बसवलंय, त्यामुळे नियमांनुसार ते काटे काढता येत नाहीत. कायदा माझ्याकडून आजही १९७५ इतकंच मागतो. त्यापलीकडचं कोणी मागत नाही, ते माझं मलाच मागावं लागतं.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला हे सगळं सांगितलं.

"म्हणजे तेव्हा आम्ही धोक्यात होतो?"

"बहुतेक नाही. पण मी ठीक आहे म्हणालो, तेव्हा मला ते माहीत नव्हतं. आणि माहीत करून घ्यायचं मी दोन वर्षं टाळलं होतं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबांना नको सांगूस हे. उगाच काळजी करतील."

मी म्हटलं, "आई, फोन दे त्यांच्याकडे."