हॅप्टोग्लोबिन आणि प्राक्तन

नवी मुंबईतल्या शिरवण्याच्या एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला नेरूळ-जुईनगरची वस्ती. अशा ठिकाणी एखाद्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याचे कळले की पहिला संशय हवेवर जातो, दुसरा घराण्यावर आणि तिसरा मागच्या जन्मावर. हा तिसरा मुलाच्या आईसमोर सहसा कोणी बोलून दाखवत नाही. शिकलीसवरलेली माणसे आता दुसरा आणि तिसरा एकत्र करतात: जनुके म्हणजेच संचित, पूर्वजांना ते आधीच ठाऊक होते. ही सांगड मला मान्य नाही. विज्ञानाच्या बाजूने नाही आणि कर्मसिद्धान्ताच्या बाजूनेही नाही.

आधी विज्ञानाची बाजू. हॅप्टोग्लोबिन हे रक्तद्रवातले एक प्रथिन. तांबड्या पेशी फुटल्या की सुटे झालेले हिमोग्लोबिन ते धरून ठेवते. माणसामाणसांत त्याचे प्रकार वेगळे असतात, हे ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९५५ मध्ये स्टार्चच्या जेलवर दाखवले. हे प्रकार आईवडिलांकडून येतात. पुढच्या दशकात काही संशोधकांना ल्युकेमियाच्या रुग्णांत एक प्रकार अधिक दिसला, इतरांना दिसला नाही. गोम अशी की हे प्रथिन आजारानेच वरखाली होते: दाह असला की वाढते, पेशी फुटू लागल्या की इतके घटते की प्रकार ओळखणेही अवघड जावे. ल्युकेमियात काही रुग्णांची ‘ए’ रक्तगटाची खूणसुद्धा फिकी पडते आणि आजार आटोक्यात आला की परतते. आजार झाल्यावर रक्त तपासायचे आणि जे दिसले ते कारण म्हणून मागे नेऊन ठेवायचे, हा धोका संशोधकांनी ओळखला आणि पद्धती बदलल्या. प्राक्तनवादाची मात्र तीच एकमेव पद्धत आहे. भोग पाहायचा आणि त्यावरून पाप ठरवायचे.

आज हाती असलेला पुरावा अधिक भक्कम आहे, पण त्यातून नियती निघत नाही. एआरआयडी५बी आणि आयकेझेडएफ१ या जनुकांतले काही फरक लहान मुलांच्या ल्युकेमियाशी निगडित असल्याचे २००९ मध्ये दिसले. असा एक फरक धोका साधारण दीडपट करतो. मुळात धोका दोन हजारांत एक धरला, तर दीडपट होऊनही तो दोन हजारांत दीडच राहतो. एकसारख्या जुळ्यांची गोष्ट तर विलक्षण आहे. एका गर्भात उद्भवलेली बिघडलेली पेशी सामायिक वारेतून दुसऱ्यात जाते, दोघेही ती घेऊन जन्मतात आणि तरीही पुष्कळदा एकालाच आजार होतो. जनुके तीच, पेशीही तीच. पुढचा बिघाड जन्मानंतर, ज्याचा त्याला. यावर कोणी म्हणेल, दोन जीवांची कर्मे वेगळी होती. पण दुसऱ्याला आजार झाला असता तरी हेच वाक्य जसेच्या तसे लागू पडले असते.

कर्मसिद्धान्ताचा खरा कणा म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ माथी येऊ नये. तसे आले तर शास्त्रकार त्याला अकृताभ्यागम हा दोष म्हणतात. आनुवंशिकता नेमके तेच करते, आजोबांकडचे नातवाला देते. ही विसंगती डॉ. आंबेडकरांनी बुद्ध आणि धम्मावरच्या, १९५७ मध्ये निधनोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडली: मूल आईवडिलांकडून घेते असे विज्ञान म्हणते, ते स्वतःचे संचित घेऊन येते असे कर्मवाद म्हणतो. दोन्ही एकदम खरी कशी? चरकसंहिता तर वैद्याच्या व्यवहारी बुद्धीने बोलते. सगळ्यांचे आयुष्य आधीच ठरलेले असते, तर औषधोपचाराला अर्थच उरला नसता.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप सांत्वनाचा आहे. ‘माझ्याच मुलाला का?’ याला ‘योगायोग’ हे उत्तर सोसवत नाही, प्राक्तन सोसवते. हे मी नाकारत नाही. पण त्या सांत्वनाची किंमत कोण मोजतो तेही पाहावे: बहुधा तीच आई, जिच्या कुशीला बोल लागतो. योगायोग निष्ठुर असेल, पण तो कोणाकडे बोट दाखवत नाही. दुसरा आक्षेप असा की शक्यतेची भाषा ही नव्या कपड्यातली नियतीच. तसे नाही, कारण शक्यतेचा एक भाग आपल्या हातात येतो. बेन्झिनने ल्युकेमिया होतो हे सिद्ध आहे. कारखान्यातल्या हवेत ते किती असावे, पेट्रोलमध्ये किती, हे नियमांनी ठरते. आपल्याकडे पेट्रोलमध्ये ते एक टक्क्याहून अधिक चालत नाही.

आणि शिरवण्यापासून फार दूर नसलेल्या खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संस्थेत अस्थिमज्जा प्रत्यारोपण होते. त्यासाठी दात्याशी जुळावी लागणारी पेशींवरची एचएलए प्रथिनेही वारशानेच मिळतात. सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. जुळली, तर भावाच्या मज्जेतून बहिणीचे रक्त तयार होऊ लागते, त्याच्या गुणसूत्रांचे, प्रसंगी त्याच्याच रक्तगटाचे. ज्याचे त्याने भोगावे या हिशेबात हे रक्त कोणाच्या खात्यावर मांडायचे, ते प्राक्तनवाद्यांनी सांगावे.