मारका कोंबडा

(वाचन : निर्गम २१:२८-३६)

मारक्या बैलाविषयीचा हा नियम आम्ही कित्येकदा वाचला, परंतु त्यावर उपदेश करावा असे कधी मनात आले नाही. निजामपुऱ्यात बैल ते किती उरले? भिवंडीत ऐकू येतो तो यंत्रमागांचा खडखडाट. तथापि मोशेच्या ह्या नियमाने आम्हांस आमच्याच परसात गाठले, व तेही एका कोंबड्याच्या निमित्ताने.

आमच्या घरी सात कोंबड्या व एक तांबडा कोंबडा आहे. पक्षी देखणा व कर्तव्यदक्ष. दाणा सापडला की स्वतः न खाता तो कोंबड्यांस बोलावितो. घार दिसली की ओरडून सावध करितो. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणास टोचावे ह्याचा क्रम ठरलेला असतो, हे नॉर्वे देशाच्या शेल्डेरुप-एब्बे नामक अभ्यासकाने १९२२ साली लिहून ठेविले. आमच्या मुलांनी ह्यास पिल्लू असता हातांवर खेळविले. त्यामुळे मनुष्याचे भय गेले, आणि तुरा भरताच तो त्या क्रमात आम्हांसही धरू लागला.

प्रथम तो एक पंख खाली सोडून तिरपा नाचे. पुढे पायांवर झेप घेऊ लागला. आम्ही काठी उचलली. तो पळे, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट आवेशाने येई. आमच्या लेखी ती शिक्षा होती, त्याच्या लेखी झुंज. (मंडळीच्या सभांतही असे घडते, पण तो आजचा विषय नव्हे.) इतके असूनही आम्ही त्याचे पराक्रम पाहुण्यांस हसत सांगत असू.

एका शनिवारी आम्ही उपदेशाची तयारी करीत बसलो असता शेजारची चार वर्षांची मुलगी वाटी परत देण्यास परसात आली. किंकाळी ऐकून धावलो, तो तिच्या डोळ्याखाली, दोन बोटांवर, कोंबड्याच्या पायामागील काटा लागून रक्त वाहत होते. डॉक्टरांकडे नेले, जखम शिवली, धनुर्वाताची लस दिली. तिची आई म्हणाली, “राहू द्या पाळकसाहेब, मुके जनावर आहे.” ते शब्द आम्हांस शिवीहून अधिक झोंबले, कारण दुसऱ्या कोणाचा कोंबडा असता तर ती माउली इतक्यावर थांबली नसती.

त्या रात्री निर्गमाचा हा अध्याय पुन्हा उघडला. बैलाने प्रथमच हुंदाडले तर धनी निर्दोष. परंतु तो मारका आहे हे धन्यास कळविलेले असून त्याने त्यास बांधून ठेविले नाही, तर दोष धन्यावर येतो. आम्हांस तीन महिने ठाऊक होते. सकाळी रागाने सुरी मागितली, तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, कापाल तर रस्सा होईल, आपली चूक थोडीच शिजणार आहे?” कोंबडा आरवला तेव्हा पेत्र बाहेर जाऊन रडला, त्याने कोंबड्यावर राग काढल्याचे शास्त्रात कोठे नाही.

आम्ही शेजारणीकडे गेलो व स्पष्ट सांगितले की आम्हांस ठाऊक होते, तरी आम्ही काही केले नाही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मलाही ठाऊक होतं. तुम्हाला कसं बोलायचं म्हणून राहिले.” हे ऐकून आम्ही खाली पाहिले. पाळकाशी बोलण्यास शेजाऱ्याला धीर होऊ नये, ह्याचा दोष कोणाच्या माथी घालावा?

आता परसाला जाळी व दारास कडी आहे. कोंबड्याच्या काट्यांची टोके कानशीने बोथट केली. आम्ही काठी टाकली; आत जाताना बादली पुढे धरून सावकाश चालतो, पळत नाही, मारीतही नाही. मुलांस आत मज्जाव आहे. महिनाभरात तो निवळला नाही तर त्यास ठेवणार नाही, हेही त्या बाईस सांगून टाकिले आहे.

महिना पुरा होण्यास नऊ दिवस उरले आहेत. मुलगी काल बाहेरूनच जाळीतून तांदूळ टाकीत होती, आणि तो कोंबड्यांस बोलावीत होता. तिच्या डोळ्याखालचा व्रण अद्याप लाल आहे.