परिचर्येचा भार

रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा, हे वाक्य आपल्याकडे कितीतरी रुग्णालयांच्या भिंतींवर रंगविलेले असते. परंतु ती सेवा करता करता जिचे मन शुष्क झाले, रोग्याची हाक ऐकून जिला करुणेऐवजी केवळ थकवा जाणवू लागला आणि जिने अखेर राजीनामा लिहून दिला, तिने ईश्वराकडे पाठ फिरविली असे म्हणावयाचे काय, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. अंबरनाथला राहणाऱ्या आणि बदलापूरकडच्या एका वृद्धाश्रमात अनेक वर्षे नोकरी केलेल्या एका परिचारिकेने हा प्रश्न मला सरळ शब्दांत विचारला. "नोकरी सुटली याचं काही नाही," त्या म्हणाल्या, "पण अंथरुणावरच्या आजींना टाकून आले, त्याचं पाप लागेल का हो?"

या प्रश्नामागची परिस्थिती आधी पाहिली पाहिजे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या ज्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, तिचे १९४९ साली उल्हासनगर झाले. तिच्या बराकींत जी पोरे वाढली, ती आज ऐंशीच्या आसपास आहेत. अंबरनाथच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगारही त्याच वयाला पोहोचले. मुंबईत जागा परवडेना म्हणून बदलापुरी बिऱ्हाड केलेल्या कुटुंबांत पती-पत्नी दोघेही पहाटेची लोकल धरतात आणि दिवेलागणीनंतर परततात. मधल्या बारा-चौदा तासांत अंथरुणाला खिळलेल्या वडिलांजवळ कोणी बसावयाचे, याची तजवीज पगारी बाईवाचून होत नाही. जे पूर्वी सून, लेक आणि शेजारीण मिळून करीत, ते आता, घरी असो वा वृद्धाश्रमात, एका परिचारिकेच्या आणि एखाद्या मावशीच्या माथी येते.

ते काम दिसते तितके सोपे नाही. दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलावयाची, ती एक हात खांद्याखाली आणि दुसरा कमरेखाली घालून, त्यास किंचित उचलून. कारण म्हातारपणी कातडी इतकी पातळ होते की नुसती चादर ओढली तरी ती सोलवटते. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी सरकवावयाची, आणि माकडहाडावर लालसर डाग दिसला तर तो बोटाने दाबून पाहावयाचा: दाबल्यावर फिका पडला तर अजून वेळ आहे, तसाच लाल राहिला तर तेथे शय्याव्रणाने मूळ धरले. इतके सारे निगुतीने करूनही या रोग्यांपैकी बहुतेक बरे होऊन घरी जात नाहीत. रुग्णालयांत परिचारिकेस मिळणारे समाधान, म्हणजे आपल्या पायांनी चालत दाराबाहेर पडणारा माणूस, येथे क्वचितच लाभते. खाट रिकामी होते आणि दोन दिवसांत तिच्यावर दुसरे नाव लागते. "एक आजी गेल्या, तेव्हा मला रडू आलं नाही," त्या बाई म्हणाल्या, "रात्रपाळीचं एक काम कमी झालं, एवढंच मनात आलं. मग माझीच मला भीती वाटली."

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची नोंद कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न सावरल्या गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली आणि तिची तीन लक्षणे सांगितली: शक्तीचा क्षय, कामाविषयी दुरावा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. ही व्याख्या उपयुक्त आहे. परंतु बाईंचा प्रश्न पापाचा होता, आणि त्याचे उत्तर व्याख्येत सापडणारे नव्हते.

धर्मग्रंथ उघडावा तर प्रथमतः त्यांच्या विरुद्धच पुरावा मिळतो, आणि तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत कर्म दुःखदायक आहे म्हणून, देहाला क्लेश होतील या भयाने जो ते सोडतो, त्याचा त्याग राजस ठरवून त्यास त्यागाचे फळ मिळत नाही असे म्हटले आहे. निर्णय कठोर आहे. तरी दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक, फळ मिळत नाही म्हणणे आणि पातक लागते म्हणणे यांत मोठे अंतर आहे. दुसरी, तीच गीता सहाव्या अध्यायात अतिशय जागणाऱ्याला योग साधत नाही असे बजावते आणि आहार, निद्रा व श्रम यांत प्रमाण राखावयास सांगते. ज्या हजेरीपटावर लागोपाठ रात्रपाळ्या लिहिलेल्या आहेत, त्याने ते प्रमाण परिचारिकेच्या हाती ठेवलेलेच नसते.

चरकाचार्यांनी तर परिचारकास वैद्य, औषध आणि रोगी यांच्या जोडीने चिकित्सेचा एक पादच मानले आहे, आणि त्याच्या ठायी चार गुण मागितले आहेत: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. हा तिसरा गुण मला निर्णायक वाटतो. ज्ञान आणि दक्षता सवयीने काही काळ तगून राहतात. अनुराग आटला की मात्र हात चालत असतानाही रोग्याचे कण्हणे कानाआड होते, आणि ज्याला बोलता येत नाही अशा म्हाताऱ्याच्या बाबतीत तेवढी बेपर्वाई प्राणावर बेतू शकते. आपला अनुराग आटला हे ओळखून जी बाजूला होते, ती रोग्याचे अहित टाळते.

परंतु खरे उत्तर मला बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, मिळाले. पोटाच्या विकाराने आपल्याच मळात लोळत पडलेला एक भिक्षू भगवान बुद्धांना दिसला. त्यांनी स्वतः पाणी ओतले, त्यांचा शिष्य आनंद याने त्यास धुतले, आणि दोघांनी मिळून, एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून धरून, त्यास मंचकावर निजविले. मग त्यांनी संघ जमवून विचारले, याची शुश्रूषा कोणी का केली नाही? उत्तर आले की तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. त्यावर बुद्धांनी नियमच घालून दिला की उपाध्याय, आचार्य, शिष्य, जो जवळचा असेल त्याने शुश्रूषा करावी, आणि असा कोणी नसेल तर ती संघाने करावी. न केल्यास दोष. शिवाय रोगी मरण पावल्यास त्याचे पात्र आणि चीवर शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, असेही ठरविले. म्हणजे सेवकाच्या हक्काचीही दखल त्या काळी घेतली गेली होती. मुख्य म्हणजे येथे दोष संघाच्या माथी येतो. एकट्या माणसाने मोडून पडेतो सारा भार वाहावा, असे त्या नियमात कोठेही नाही.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाने याचेच उदाहरण आपल्यासमोर ठेवले आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये पाशवी हल्ल्याने निश्चेष्ट झालेल्या अरुणा शानबाग या परिचारिकेची शुश्रूषा तेथील परिचारिकांनी १८ मे २०१५ रोजी तिचा अंत होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे केली. तिच्या दयामरणाच्या याचिकेवरील मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा न मानता रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्या चार दशकांत किती परिचारिका निवृत्त झाल्या, किती बदलून गेल्या, किती नव्याने रुजू झाल्या! एकीने चार्ज दिला, दुसरीने घेतला. जाणाऱ्या कोणालाही पातकी म्हणण्याचे धाडस आपण करणार नाही, कारण तिच्यामागे दुसरी उभी होती.

बदलापूरच्या त्या आश्रमात चार्ज घ्यावयास कोणी नव्हते, हाच काय तो फरक, आणि त्याचा दोष जाणाऱ्या बाईंचा नाही. खाजगी संस्थांतील परिचारिकांना, रुग्णालय पन्नास खाटांहून लहान असले तरीही, दरमहा किमान वीस हजार रुपये द्यावेत अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली केली. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान दीडशे जणांच्या सोयीचे निवासस्थान असावे अशी तरतूद आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यात आहे. या गोष्टी कागदावरून खाली उतरल्या पाहिजेत, आणि त्यासाठी सरकारदरबारी तगादा लावणे हे मी धर्मकृत्यच समजतो.

बाईंना मी उत्तर दिले, ते असे: पाप लागत नाही. आणि ज्यांचे आई-वडील आज कोणा परिचारिकेच्या हाती आहेत, त्या वाचकांना माझी विनंती आहे की आठवड्यातून निदान एक रात्र त्या उशाशी आपण स्वतः काढावी, आणि त्या रात्री तिला पगारी रजा द्यावी.