शेजाराची निवड

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ती ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं मनुष्य घर बांधीत असे. शेजार मात्र त्यास आयताच मिळे. गांवांत कोणी कोठें राहावें हें जातीनें, वडिलार्जित जागेनें आणि रूढीनें आधींच ठरवून टाकलेलें असे. आज मुंबईच्या आसपासच्या शहरांत नेमकें उलट झालें आहे. घर दुसराच कोणी बांधतो. आपल्या हातीं उरतें तें शेजार निवडणें एवढेंच. ही निवड करतांना कोणत्या गोष्टी पाहाव्या आणि कोणत्या पाहूं नयेत, हा प्रश्न वरवर पाहतां सोयीचा वाटतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे.

ह्या विचारास निमित्त घरचेंच झालें. आमच्या भाच्यास ठाण्यांत घर घ्यावयाचें आहे, आणि आम्ही तेथील जुने रहिवासी म्हणून वस्ती दाखविण्याचें काम त्यानें आमच्यावर सोपविलें. तीन रविवार आम्ही त्याच्यासह व भाचेसुनेसह हिंडलों. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून सुटलेली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली, आणि तेव्हांपासून हें शहर मुंबईकडे तोंड करून वाढत आलें आहे. स्टेशनाजवळ नौपाडा, चरई, खारकर आळी ह्या जुन्या वस्त्या आहेत. तेथून मासुंदा तलावावर पायीं फिरावयास जातां येतें, आणि १८९३ सालीं स्थापन झालेलें मराठी ग्रंथसंग्रहालयही दूर नाहीं. पण खोल्या लहान, आणि गाडी उभी करावयास जागा मिळणें कठीण. उलट घोडबंदर रस्त्यावर येऊरच्या डोंगराकडे तोंड करून उंच मनोरे उभे आहेत. तेथें वारा आहे, बाग आहे, पोहण्याचा तलाव आहे. परंतु स्टेशन गांठतां गांठतां सकाळचा उत्साह संपतो, आणि उन्हाळ्यांत पुष्कळ ठिकाणीं पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते.

पाणी किती वेळ येतें, शाळा किती दूर आहे, महिन्याचा देखभालीचा खर्च किती, हे प्रश्न भाच्यानें विचारले व ते विचारलेच पाहिजेत. पण प्रत्येक ठिकाणीं शेवटीं तो एक प्रश्न हळूच विचारी : “लोक कसे आहेत?” आणि प्रत्येक दलाल एकच उत्तर देई : “अगदी निश्चिंत असा साहेब, सगळी आपलीच माणसं आहेत.” हें उत्तर ऐकून भाच्याची मुद्रा प्रसन्न होई. आमचीही होत असे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

‘आपलीं माणसें’ ह्या शब्दांचा एक अर्थ निर्दोष आहे. रात्रीं-अपरात्रीं दार वाजविलें तर उघडणारीं, मूल शाळेंतून लवकर आलें तर त्यास आपल्या घरीं बसवून घेणारीं, म्हाताऱ्या आईशीं तिच्या भाषेंत दोन शब्द बोलणारीं माणसें कोणास नकोत? परक्या शहरांत आलेल्या मनुष्यास तर अशा आधाराची फारच गरज असते. मुंबईंत गांवदेवीस १९१५ सालीं सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था स्थापन केली ती ह्याच गरजेंतून. परस्परांस ओळखणाऱ्यांनीं एकत्र येऊन, पैसा उभा करून, स्वच्छ व परवडणारीं घरें उभारावीं, ह्यांत निंद्य तें काय? पारशांसारख्या संख्येनें अल्प असलेल्या समाजास आपली वस्ती टिकावी असें वाटणेंही समजण्यासारखें आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं असा निकाल दिला कीं, सभासदत्व आपल्या समाजापुरतें मर्यादित ठेवणारा त्या संस्थेचा नियम बेकायदेशीर नाहीं. कायद्याचें म्हणणें तेथें संपतें. परंतु जें करण्यास कायद्याची आडकाठी नाहीं तें सर्व करणें योग्यच, असें कोणीही विवेकी मनुष्य म्हणणार नाहीं.

त्या शब्दांचा दुसरा अर्थ दलाल उघड बोलत नाहीं, पण ऐकणारास तो बरोबर कळतो. ‘सगळी आपलीच’ म्हणजे कोणी तरी मुद्दाम वगळलेला आहे. मासळी खातों म्हणून मुंबईंत एखाद्या मराठी कुटुंबास घर नाकारलें गेलें कीं, आपण सर्व संतापतों, आणि तो संताप योग्यच असतो. तोच आपला समाज आपल्या इमारतींत आडनांव विचारून घर नाकारतो, तेव्हां मात्र आपणांस त्यांत वातावरण जपण्यापलीकडे कांहीं दिसत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, ‘आमच्या मनांत कोणाविषयीं द्वेष नाहीं, चार आपल्यासारखीं माणसें जवळ असावींत एवढीच आमची इच्छा.’ ह्या सौम्य इच्छेचें काय होतें तें थॉमस शेलिंग ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७१ सालीं दाखवून दिलें. चौकटी आखलेल्या पटावर दोन प्रकारचीं नाणीं मिसळून मांडावीं. प्रत्येक नाण्याची मागणी माफक समजावी : शेजाऱ्यांपैकीं निदान एक तृतीयांश आपल्या प्रकारचे असले म्हणजे झालें. ज्यास तेवढे लाभत नाहींत त्यानें दुसरी जागा धरावी. असें करीत गेल्यावर दोन्ही प्रकारांचे वेगवेगळे पुंजके होऊन बसतात. इतकी फारकत कोणाही एका नाण्यानें मागितलेली नसते. शहराचेंही असेंच होतें. प्रत्येक कुटुंब आपल्यापुरतें पाहतें आणि सर्वांनीं मिळून भिंती उभारल्या जातात.

शिवाय नाण्यांस निदान जागा बदलण्याची मोकळीक सारखी असते. माणसांस ती नसते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईंतील पुष्कळ मुसलमान कुटुंबें मुंब्र्यास येऊन राहिलीं. त्यांस दुसरीकडे जीव सुरक्षित वाटत नव्हता, आणि दुसरीकडे घरेंही सहज मिळत नव्हतीं. आपण ठाण्यांत बसून सहज म्हणतों कीं, ‘त्या लोकांस एकत्रच राहावयास आवडतें.’ ज्यास एकच दार उघडें आहे त्याच्या आंत जाण्यास आवड म्हणणें हा शब्दांचा अन्याय आहे.

बडोद्यास १९१७ च्या सुमारास डॉ. आंबेडकरांवर आलेला प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. परदेशांत शिकून बडोदें सरकारच्या नोकरीवर रुजू झालेल्या ह्या विद्वानास राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमांतून काठ्या घेतलेल्या जमावानें त्यांस बाहेर काढलें. तें दुष्कृत्य होतें हें उघडच आहे. आम्हांस त्याहून बोधप्रद वाटते ती त्यांच्या दोन मित्रांची वागणूक. आसरा मागतां एकानें सांगितलें कीं, तुम्ही आलांत तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्यानें पत्नीस विचारावें लागेल म्हणून सांगितलें. स्वतःची हरकत दोघांचीही नव्हती! पुढें मुंबईंत त्याच आंबेडकरांनीं दादरच्या हिंदू कॉलनींत ‘राजगृह’ बांधलें व आपला ग्रंथसंग्रह तेथें ठेवला. त्या कॉलनीचें कांहीं बिघडलें नाहीं, उलट तिची कीर्ति वाढली.

त्या दोन मित्रांस नांवें ठेवणें सोपें आहे. पण आम्हांस तो अधिकार नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आम्ही आमच्या इमारतीच्या व्यवस्थापक समितीवर होतों. एका सभासदानें आपली जागा एका मुसलमान शिक्षकास भाड्यानें देण्याचें ठरवून समितीकडे ना-हरकत पत्र मागितलें. आम्ही सातजण बसलों. प्रत्येकानें आळीपाळीनें म्हटलें, “माझी स्वतःची काही हरकत नाही, पण बाकीच्या मंडळींना चालायचं नाही.” आम्हीही तेंच म्हटलें. पत्र दिलें गेलें नाहीं. ते गृहस्थ जिन्यांत भेटले तेव्हां त्यांनीं नमस्कार केला आणि आम्ही घड्याळाकडे पाहिलें. कांहीं महिन्यांनीं बोलतां बोलतां वरच्या मजल्यावरच्या आजींना आम्हीं तो विषय काढून विचारलें. त्या म्हणाल्या, “अहो, मला कुणी विचारलंच नाही. मास्तर आले असते तर माझ्या नातवाच्या गणिताची सोय झाली असती.”

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच आहे. सोय पाहावी, पाणी पाहावें, आपल्या भाषेचीं चार माणसें जवळ असलीं तर त्यांत आनंद मानावा. परंतु ‘येथें कोण राहतात?’ ह्या प्रश्नाबरोबर ‘येथें कोणास घर देत नाहींत?’ हाही प्रश्न विचारावा, आणि त्याचें उत्तर अभिमानानें देण्यांत आलें तर जिना उतरून यावें. शेजारी आपला होतो तो राहून, उसनें देऊन-घेऊन, आजारपणांत जागून; तो आधींच आपला निवडून आणतां येत नाहीं.

भाच्यास हें आम्ही सांगितलें. त्यानें दोन ठिकाणीं तो प्रश्न विचारला, आणि दोन्ही घरें सोडून दिलीं. त्यांतलें एक तर भाचेसुनेस फार आवडलें होतें. ती म्हणाली, “मामा, तत्त्व तुमचं, आणि भाडं आम्ही भरायचं होय?” ह्या बोलण्यास उत्तर देणें आम्हांस जड गेलें, कारण आमच्या इमारतींत अजून तीच चाल आहे आणि तेथें आम्ही सुखानें राहत आहों. पुढील वार्षिक सभेकरितां आम्ही एक ठराव लिहून दिला आहे : भाडेकरूची जात, धर्म अथवा आहार समितीनें विचारूं नये. अनुमोदनासाठीं दुसरी सही लागते. आज संध्याकाळीं वरच्या मजल्यावर जाऊन आजींना विचारणार आहों.